पाटीवरचा आकडा आणि चकतीवरचा आकडा

(सी-स्कीम, जयपूर येथे मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विजेच्या मोटरीच्या संरक्षणासारख्या विषयावर एका भाषांतरकर्तीने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण मराठी साहित्याचे. गेली काही वर्षे मी शास्त्रीय आणि उपयुक्त विषयांवरील पुस्तके मराठीत आणण्याचे काम करते आणि त्यांतील एक पुस्तक मोटरींच्या निगेविषयी होते, एवढाच माझा या विषयावरील अधिकार. त्याच पुस्तकात माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीपायी एका शेतकऱ्याची मोटर जळाली. तेव्हापासून हा विषय मी अधिक नीट शिकले. चूक कोणती ते मी पुढे सांगणार आहे. पण ती कळण्यासाठी आधी थोडी पूर्वतयारी लागेल.

निमंत्रण देताना आपल्या चिटणीसांनी असे सांगितले की, याच इमारतीच्या तळमजल्यावरील पंपाची मोटर गेल्या जून महिन्यात जळाली आणि चार दिवस सर्व बिऱ्हाडांना टँकरच्या पाण्यावर काढावे लागले. जयपूरला बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून पाणी येते, ते नळाला ठरावीक वेळीच येते, जमिनीखालच्या टाकीत साठते आणि तेथून गच्चीवर चढवावे लागते. म्हणजे धरणात पाणी असो वा नसो, शेवटचे पन्नास-साठ फूट त्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीवर अवलंबून असतात. स्टॅच्यू सर्कलच्या आसपास पूर्वी बंगले होते तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत, त्या प्रत्येकीच्या पोटात अशी एक खोली आहे आणि त्या खोलीच्या भिंतीवर लोखंडी पेटी. त्या पेटीत, कॉन्टॅक्टरच्या खाली, एक लहानसा चौकोनी ठोकळा असतो. त्यावर एक निळे किंवा लाल बटण असते आणि बोटाच्या पेराएवढी आकडे लिहिलेली चकती. हाच औष्णिक अतिभार रिले. आज सकाळी मी तो पाहून आले. त्याविषयी बोलू.

प्रथम 'रिले' हा शब्द. त्याला 'अभिचालित्र' असा पारिभाषिक पर्याय आहे. मी तो पहिल्या मसुद्यात वापरला होता आणि नंतर सर्वत्र खोडला, कारण दुकानात जाऊन 'अभिचालित्र द्या' असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. मूळ शब्द लांबच्या प्रवासात टप्प्याटप्प्यावर सज्ज ठेवलेल्या ताज्या घोड्यांसाठी होता. थकलेला घोडा थांबे, ताजा घोडा निरोप पुढे नेई. तारायंत्रात क्षीण झालेला संदेश दुसऱ्या विद्युत् मंडलाच्या हवाली करणाऱ्या उपकरणाला तेच नाव मिळाले. ही व्युत्पत्ती मी हौसेने सांगत नाही. रिले स्वतः काम तडीस नेत नाही, तो निरोप पुढे देतो, ही गोष्ट त्या शब्दातच आहे आणि जोडणी करताना तिचा उपयोग होतो.

आता मोटर जळते म्हणजे काय होते? तिच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांना आपण गुंडाळी म्हणतो. तारेवर वार्निशासारखा विद्युत् रोधक लेप असतो. तांबे सहजासहजी जळत नाही. जळतो तो हा लेप. तारेतून प्रवाह गेला की ती तापते आणि हे तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट होते, दुप्पट झाला तर चौपट. रोधक द्रव्यांचे त्यांच्या सहनशक्तीनुसार वर्ग पाडलेले आहेत. 'बी' वर्गाची मर्यादा १३० अंश सेल्सिअस, 'एफ' वर्गाची १५५, 'एच' वर्गाची १८०. मर्यादेवर दर दहा अंशांच्या वाढीला रोधकाचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा एक ठोकताळा १९३० पासून अभियंते मानत आले आहेत. म्हणून बहुतेक मोटरी एका दिवसात जळत नाहीत. त्या रोज थोड्या थोड्या भाजत असतात, आणि एखाद्या दुपारी त्याचा शेवट होतो, इतकेच. वायरमन म्हणतो, 'काल तर चालू होती.' ते खरेच असते.

जुन्या गिरण्यांत एकाच मोठ्या आसावर कातडी पट्टे चढवून पुष्कळशी यंत्रे फिरवीत. भार फाजील झाला की पट्टा घसरे. घसरणे हा दोष खरा, पण ते एक प्रकारचे संरक्षणही होते. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, हळूहळू यंत्रायंत्राला स्वतंत्र मोटरी आल्या, आणि मोटर यंत्राशी थेट जोडली गेली तेथे घसरायला काही उरले नाही. पंप अडला तरी मोटर त्याला फिरवू पाहते आणि त्यासाठी लागेल तेवढा प्रवाह ओढते. 'आता पुरे' असे म्हणणारा कोणीतरी हवा होता.

ते काम दोन धातूंची जोडपट्टी करते. दोन धातूंच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून सांधल्या आणि तापवल्या, तर जो धातू अधिक प्रसरण पावतो त्याच्या उलट बाजूला जोडपट्टी वाकते. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने १७४० ते १७५९ अशी एकोणीस वर्षे आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळावर घालवली. तपमानाने घड्याळाची चाल बिघडू नये म्हणून त्यात त्याने पितळ आणि पोलाद यांची अशी पट्टी योजली होती. जहाजाचे रेखांश शोधण्यासाठी केलेली ती युक्ती आज आपल्या पंपाच्या पेटीत आहे. तीन तारांच्या मोटरीसाठी तीन पट्ट्या असतात आणि मोटरीकडे जाणारा प्रवाह प्रत्येक पट्टीला तापवून पुढे जातो. मोटर जितकी तापते त्याच चालीने पट्टीही तापावी, अशी योजना असते. मोटरीची एक लहान प्रतिकृतीच जणू तिच्या आधी तो ताप सोसते. पट्टी पुरेशी वाकली की एका सरकपट्टीला ढकलते, आतला खटका सुटतो आणि एक लहान संपर्क उघडतो. चकती फिरवून आपण पट्टी आणि खटका यांमधील अंतर कमी-अधिक करीत असतो.

तेव्हा प्रश्न असा की चकती कोणत्या आकड्यावर ठेवायची? उत्तर मोटरीच्या अंगावरच असते. तिला एक धातूची पाटी खिळलेली असते. तीवर अश्वशक्ती वा किलोवॅट, दाब, वेग आणि पूर्ण भाराचा प्रवाह अँपिअरमध्ये दिलेला असतो. ४१५ व्होल्टच्या त्रिकला मोटरीला एका अश्वशक्तीमागे अदमासे दीड अँपिअर, असा वायरमन मंडळींचा तोंडी हिशेब असतो. तो अंदाजापुरता ठीक आहे, पण पाटी वाचता येत असताना अंदाजाने चालू नये. खालच्या मोटरीच्या पाटीवर ७.५ अँपिअर लिहिले आहे. बसवलेल्या रिलेची चकती ६ ते १० अँपिअरची आहे. निवड योग्य आहे, कारण आपल्याला हवा तो आकडा चकतीच्या मध्यावर येतो आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा राहते. हवा असलेला आकडा चकतीच्या अगदी टोकाला येईल असा रिले शक्यतो घेऊ नये.

मग मोटर का जळाली? मला कळले ते असे. जून महिन्यात दाब उतरला होता. दाब उतरला की तोच भार ओढण्यासाठी मोटर अधिक प्रवाह घेते. रिले दिवसातून दोन-तीनदा तुटू लागला. दर वेळी खाली जाऊन बटण दाबणे कंटाळवाणे, म्हणून कोणीतरी चकती १० वर नेऊन ठेवली. रिलेचा त्रास संपला आणि आठवड्याने मोटर संपली. येथे एक हिशेब आपण मनात करून पाहावा. रिले चकतीवरच्या आकड्यालाच तुटत नाही. आंतरराष्ट्रीय मानक, जे भारतीय मानकानेही स्वीकारले आहे, असे सांगते की लावलेल्या आकड्याच्या १.०५ पट प्रवाहाला रिलेने दोन तासांत तुटता कामा नये आणि १.२ पट प्रवाहाला मात्र दोन तासांच्या आत तुटलेच पाहिजे. म्हणजे चकती १० वर असताना हा रिले जवळजवळ १२ अँपिअरपर्यंत रेंगाळू शकतो. साडेसातच्या मोटरीला बारा अँपिअर म्हणजे १.६ पट प्रवाह आणि अडीचपटीहून अधिक उष्णता.

कित्येक जाणती माणसेही 'थोडी सूट असू द्यावी' म्हणून पाटीवरच्या आकड्यात दहा-वीस टक्के मिळवून चकती लावतात. ही सूट रिले बनवणाऱ्याने आधीच घातलेली असते. आमटीत सासूने मीठ घातले आहे हे न विचारता सुनेने पुन्हा घालावे, तसा हा प्रकार. पाटीवर ७.५ असेल तर चकतीही ७.५ वरच. तेवढ्यावर रिले वारंवार तुटत असेल, तर तो मोटरीविषयी काहीतरी सांगतो आहे. दाब उतरला असेल, बेअरिंग जाम होत असेल, पंपात कचरा अडकला असेल किंवा एक फेज गेलेली असेल. अशा वेळी दुरुस्ती चकतीची करू नये.

एक फेज जाणे हा मोटरीचा सर्वांत मोठा वैरी. फ्यूज उडतो किंवा खांबावरची तार तुटते, तीनपैकी एक तार निर्जीव होते आणि चालू मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर ती कण्हत फिरत राहते आणि त्या तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह वाहतो. आजच्या बहुतेक चांगल्या रिलेंत तीन पट्ट्यांपैकी एक थंड राहिली आणि दोन वाकल्या तर खटका लवकर सुटावा, अशी दुहेरी सरकपट्टीची व्यवस्था असते. खरेदी करताना ती आहे का हे विचारावे.

याच सोयीमुळे एक अडचण मात्र उभी राहते आणि ती बंगल्यात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. घरगुती एक अश्वशक्तीचा पंप बहुधा एककला विजेवर चालतो. त्यासाठी तीन पट्ट्यांचा रिले वापरला आणि प्रवाह एक-दोनच पट्ट्यांतून नेला, तर 'एक फेज गेली' असे समजून तो विनाकारण तुटू लागतो. म्हणून प्रवाह तिन्ही पट्ट्यांतून गेला पाहिजे. जिवंत तार पहिल्या पट्टीच्या वरून आत घ्यावी, खालून काढून दुसरीच्या वर न्यावी आणि दुसरीच्या खालून मोटरीकडे पाठवावी. परतीची तार तिसऱ्या पट्टीतून जाऊ द्यावी. तीच तेवढा प्रवाह वाहते, त्यामुळे तिन्ही पट्ट्या सारख्या तापतात.

निवडीत आकड्याखेरीज आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे वेग. मोटर सुरू होताना काही क्षण पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह घेते. रिले तेवढ्याने तुटला तर मोटर कधी सुरूच होणार नाही. म्हणून रिलेला वर्ग दिलेले असतात. थंड रिलेतून ७.२ पट प्रवाह गेला तर वर्ग १० चा रिले चार ते दहा सेकंदांत तुटतो, वर्ग २० चा सहा ते वीस सेकंदांत, वर्ग ३० चा नऊ ते तीस सेकंदांत. आपल्यासारख्या पंपांना वर्ग १० पुरतो. जड पंखे सावकाश वेग घेतात, तेथे वर्ग २० किंवा ३० लागतो. विंधन विहिरीतल्या पाणबुडी मोटरीचे नेमके उलटे आहे. ती अरुंद नळीत बसवलेली असते, सभोवारच्या पाण्यानेच थंड राहते आणि अडली तर फार झपाट्याने तापते. तिला जलद वर्गाचाच रिले हवा. राजस्थानात काय किंवा मराठवाड्यात काय, विंधन विहिरी खोल खोल चालल्या आहेत आणि खोलवरची मोटर जळाली तर ती वर काढण्याचा खर्चच डोळे पांढरे करतो. तेथे वर्ग विचारल्यावाचून रिले घेणे हा शुद्ध अविचार आहे.

आता माझ्या चुकीकडे येते.

मोठ्या मोटरी एकदम पूर्ण दाबावर सुरू न करता आधी त्यांच्या तीन गुंडाळ्या ताऱ्याच्या आकारात जोडतात आणि वेग आल्यावर त्रिकोणात. याला सर्वत्र स्टार-डेल्टा स्टार्टर म्हणतात. यात मोटरीकडे तीनऐवजी सहा तारा जातात. त्रिकोणी जोडणीत खांबावरून आलेली प्रत्येक तार दोन गुंडाळ्यांना मिळते. त्यामुळे तारेतला प्रवाह निराळा आणि गुंडाळीतला निराळा. गुंडाळीतला प्रवाह तारेतल्याच्या ०.५८ पट असतो, म्हणजे तीनाच्या वर्गमुळाने भागल्यावर येतो तेवढा. या स्टार्टरमध्ये रिले बहुधा मुख्य कॉन्टॅक्टरच्या खाली, त्रिकोणाच्या आत, बसवलेला असतो. तेथून गुंडाळीचाच प्रवाह जातो. म्हणून चकती पाटीवरच्या आकड्यावर न लावता त्याच्या ०.५८ पटीवर लावायची असते. पाटीवर १४.५ अँपिअर असतील तर चकतीवर ८.४.

मूळ पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेले होते. 'लाइनचा प्रवाह' आणि 'फेजचा प्रवाह' असे दोन शब्द लेखकाने काटेकोरपणे वापरले होते. मी काय केले? पहिला शब्द काही ठिकाणी 'मोटरीचा प्रवाह' असा केला, कारण एकाच परिच्छेदात 'लाइन' हा शब्द सात वेळा येत होता आणि पुनरुक्ती हा गद्याचा दोष आहे असे आम्हाला शिकवलेले. दुसरा शब्द 'फेजचा प्रवाह' असाच ठेवला. तो सोपा वाटला, सर्वांच्या तोंडी असलेला. 'रिले फेजच्या प्रवाहावर लावावा', असे माझे वाक्य छापले गेले. ०.५८ चा गुणक त्यापुढच्या वाक्यात होता. तेथे मी 'त्याच्या' असे सर्वनाम घातले आणि ते नेमके कोणाचे, हे वाचणाऱ्यावर सोडले.

पुस्तक निघाल्यावर वर्षाच्या आत प्रकाशकांमार्फत मला तासगाव तालुक्यातून एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ वायरमन होते. एका द्राक्षबागायतदाराच्या दहा अश्वशक्तीच्या पंपावर त्यांनी माझे पुस्तक वाचून काम केले होते. स्टार्टरमध्ये ६ ते १० अँपिअरचा रिले होता. त्यांनी पुस्तक उघडले. 'फेजच्या प्रवाहावर लावावा.' वायरमनच्या भाषेत फेज म्हणजे काय? खांबावरून येणारी जिवंत तार. टेस्टर लावून दिवा पेटतो ती फेज. आपण सारेच नाही का म्हणत, 'आज एक फेज गेली आहे'? त्यांनी फेजभोवती चिमटा-मीटर धरला, प्रवाह साडेचौदाच्या आसपास निघाला, पाटीवरही तोच आकडा होता. ६ ते १० चा रिले साहजिकच त्यांना चुकीचा वाटला. तो काढून त्यांनी ९ ते १५ चा बसवला आणि चकती १४.५ वर लावली. मी लिहिले होते त्याप्रमाणे सर्व काही बरोबर केले.

आता गुंडाळीतून साडेचौदा अँपिअर जाईपर्यंत त्या रिलेला काहीच सांगायचे नव्हते. गुंडाळीत साडेचौदा म्हणजे तारेत पंचवीस. एप्रिलच्या छाटणीनंतर बागेला पाण्याची निकड असते, त्या दिवसांत दाब उतरला, मोटर रात्रभर चालली आणि जळाली. पुन्हा गुंडाळी भरून येईपर्यंत आठ दिवस गेले. त्या पत्रात राग नव्हता. त्यांनी शेवटी एवढेच विचारले होते की, 'पुस्तकातील वाक्य आम्ही चुकीचे समजलो काय?'

त्यांनी ते चुकीचे समजले नव्हते. वाक्यच दोन अर्थांचे होते, आणि ज्यांच्या हाती ते पडणार होते त्यांच्या बोलीत त्याचा एकच अर्थ होत होता. इंग्रजीत जो शब्द गुंडाळीसाठी वापरला होता, तोच शब्द आपल्याकडे पुरवठ्याच्या तारेसाठी रूढ आहे. 'कला' लिहिले असते तर दुर्बोध म्हणून एखाद्याने तरी थांबून विचारले असते. दुर्बोध शब्द निदान अडवतो. ओळखीचा शब्द मात्र थेट चुकीच्या दाराशी घेऊन गेला. मी त्यांना उत्तर लिहिले, क्षमा मागितली आणि बागायतदारांनाही स्वतंत्र पत्र घातले. भरपाईचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी तो हसण्यावारी नेला. मला ते सोपे गेले असे मी म्हणणार नाही. पुढील मुद्रणात 'पुरवठ्याच्या तारेतील प्रवाह' आणि 'गुंडाळीतील प्रवाह' असे शब्द प्रत्येक ठिकाणी घातले आहेत, पुनरुक्तीची पर्वा न करता, आणि १४.५ चे ८.४ कसे होतात हे आकडे मांडून दाखवले आहे.

जोडणीविषयी आता थोडक्यात सांगते. हे काम परवानाधारक वायरमननेच, मुख्य स्विच बंद करून करावयाचे आहे. पण त्याने केलेले आपल्याला वाचता यावे. वीज मुख्य स्विच आणि फ्यूजमधून कॉन्टॅक्टरच्या वरच्या १, ३, ५ या टोकांवर येते, खालच्या २, ४, ६ वरून रिलेच्या तीन पट्ट्यांत शिरते आणि पट्ट्यांच्या खालून मोटरीकडे जाते. हा झाला जाड तारांचा मार्ग. बारीक तारांचा मार्ग वेगळा. रिलेवर ९५ आणि ९६ असे आकडे लिहिलेली दोन टोके असतात. त्यांच्यामधला संपर्क एरवी मिटलेला असतो आणि रिले सुटला की उघडतो. नियंत्रणाची तार या ९५-९६ मधून, मग बंद करण्याच्या बटणातून, मग चालू करण्याच्या बटणातून कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे, ए१ या टोकाकडे, जाते आणि ए२ वरून परत फिरते. चालू बटणाला समांतर असा कॉन्टॅक्टरचा स्वतःचा एक संपर्क जोडतात, म्हणजे बोट काढले तरी कॉइल धरून राहते. कॉइल २४० व्होल्टची आहे की ४१५ ची, हे तिच्यावर वाचूनच परतीची तार ठरवावी. ९७ आणि ९८ मधला संपर्क एरवी उघडा असतो. तेथे लाल दिवा जोडला तर रिले तुटल्याचे पहारेकऱ्याला दुरून दिसते.

येथे त्या टप्प्यावरच्या घोड्यांची आठवण करून देते. मोटरीचा मोठा प्रवाह रिले स्वतः तोडत नाही. तो फक्त कॉइलची बारीक तार तोडतो आणि तोडण्याचे काम कॉन्टॅक्टर करतो. जाड तारा रिलेतून नेल्या आणि ९५-९६ जोडायचे राहिले, किंवा दोन टोकांत तारेचा तुकडा घालून 'डायरेक्ट' केले, तर आतली पट्टी वाकेल, खटकाही सुटेल आणि मोटर चालूच राहील. बाहेरून पाहणाऱ्याला रिले जागच्या जागी दिसत असतो, म्हणून हा तुकडा फार घातक. आणखी असे की रिले हा लघुमंडलापासून, म्हणजे तारा एकमेकींना टेकण्यापासून, संरक्षण देत नाही. पट्टी तापेपर्यंत तेथे वेळच नसतो. त्यासाठी मागे योग्य मापाचा फ्यूज वा ब्रेकर हवाच.

स्क्रू घट्ट आवळलेले असावेत. ढिला सांधा तापतो, त्याची उष्णता पट्टीत उतरते आणि निर्दोष मोटर वरचेवर थांबते. मग कोणीतरी चकती पुढे सरकवतो. मोटरीजवळ कपॅसिटर असेल तर तो रिलेच्या अलीकडे जोडला आहे की पलीकडे, हे पाहावे. पलीकडे, म्हणजे रिले आणि मोटर यांच्यामध्ये असेल, तर रिलेतून जाणारा प्रवाह मोटरीच्या प्रवाहापेक्षा कमी असतो आणि चकतीही त्या मानाने खाली आणावी लागते. महाराष्ट्रातल्या कृषिपंपांना कपॅसिटर लावा म्हणून वर्षानुवर्षे सांगितले जाते. चकती खाली आणा असे मात्र मी कोठे फारसे वाचलेले नाही.

रिलेवरच्या निळ्या बटणाला दोन स्थिती असतात, हाताची आणि आपोआप. टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर पंप चालत असेल तर ते बटण हाताच्या स्थितीतच असावे. आपोआपवर असेल तर पट्टी थंड होताच मोटर पुन्हा सुरू होईल, पुन्हा तापेल, पुन्हा थांबेल आणि हा खेळ कोणाच्या नकळत रात्रभर चालेल. त्याहून वाईट म्हणजे, बंद पडलेल्या पंपात हात घालून बसलेल्या माणसाच्या हाताखाली ती अचानक सुरू होऊ शकते.

शेवटी जयपूरच्या उन्हाळ्याविषयी. सामान्यतः मोटरी ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. येथे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशी ओलांडतो. आजच्या रिलेत बाहेरच्या तपमानाचा परिणाम फेडणारी आणखी एक पट्टी असते, म्हणून उन्हाळ्यात तो उगाच तुटत नाही. मात्र मोटर ज्या हवेत उभी आहे ती हवा किती तापली आहे, तिच्या मागचा पंखा धुळीने बुजला आहे काय, हे त्याला कळत नाही. त्याला कळतो तो फक्त प्रवाह. गुंडाळीची खरी उष्णता हवी असेल तर गुंडाळीतच थर्मिस्टर बसवावे लागतात आणि मोठ्या मोटरींना ते बसवतातही. आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीसाठी पंख्याची जाळी पंधरा दिवसांनी ब्रशाने साफ करणे पुरे.

सकाळी पाहिले तेव्हा नव्या मोटरीच्या पाटीवर ७.५ होते आणि चकती अजून १० वरच होती. आपल्या वायरमनना मी थांबायला सांगितले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर खाली यावे. खोली लहान आहे, एका वेळी चौघांनीच आत यावे, आणि मुख्य स्विच त्यांनी बंद केल्याशिवाय पेटीला कोणी हात लावू नये.